नावाची किंमत वाटणीआधी काढा

संपादक महोदय,

अमुक ब्रँडची किंमत इतके अब्ज डॉलर झाली, तमुक ब्रँड यादीत दोन पायऱ्या वर सरकला, अशा बातम्या दरवर्षी छापून येतात. त्या वाचून आपल्याकडच्या मसालेवाल्याचा, लोणचीवाल्याचा, फरसाणवाल्याचा समज होतो की ट्रेडमार्कचे मूल्यांकन हा बड्या कंपन्यांचा मिरवण्याचा विषय आहे, आपला त्याच्याशी काय संबंध? हा समज फार महागात पडतो. भावाभावांत वाटणी होताना, भागीदार बाहेर पडताना, धंदा विकताना किंवा बँकेकडे मुदतकर्ज मागताना नावाची किंमत निघतेच. फक्त ती घाईत, भांडणात आणि समोरच्याच्या आकड्यावर निघते. म्हणून छोट्या आणि मध्यम उद्योगांसाठी हे पत्र.

मूल्यांकन का लागते, याचे पहिले कारण हिशेबाच्या वहीतच आहे. स्वतः कष्टाने वाढवलेला ब्रँड ताळेबंदात दाखवता येत नाही. लहान कंपन्यांना लागू असलेले लेखामानक 26 असो की मोठ्या कंपन्यांचे इंड-एएस 38 असो, दोन्हींचा नियम एकच आहे. जाहिरातीवर, पाकिटाच्या डिझाइनवर, दुकानदारांच्या स्कीमवर केलेला खर्च त्या त्या वर्षी खर्ची पडतो, मालमत्ता म्हणून उभा राहत नाही. त्यामुळे चाळीस वर्षे चाललेल्या मसाल्याच्या नावापुढे वहीत शून्य असते आणि त्याच कारखान्यातल्या जुन्या पल्व्हरायझरपुढे (दळण्याच्या यंत्रापुढे) मात्र काही हजार रुपये असतात. तेच नाव दुसऱ्याने विकत घेतले की त्याच्या वहीत ते मालमत्ता म्हणून चढते. म्हणजे विकत घेणाऱ्याला किंमत दिसते आणि निर्माण करणाऱ्याला दिसत नाही. ती पाहायची तर वेगळा मूल्यांकन अहवालच लागतो.

कारखाना आणि नाव या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे हॉर्लिक्सच्या व्यवहारात स्वच्छ दिसले. हिंदुस्थान युनिलिव्हरने ग्लॅक्सोची भारतातली कन्झ्युमर कंपनी 2020 साली आपल्यात विलीन करून घेतली. बूस्ट, माल्टोवा, व्हिवा ही नावे त्या भारतीय कंपनीच्याच मालकीची असल्यामुळे विलीनीकरणासोबत आपोआप आली. हॉर्लिक्स हे नाव मात्र परदेशातल्या मूळ ग्लॅक्सोकडे होते. ते स्वतंत्र करार करून विकत घ्यावे लागले आणि त्यासाठी 3,045 कोटी रुपये मोजले गेले. यंत्रे, कामगार, वितरक, गोदामे हे सगळे विलीनीकरणात आले होते. ही रक्कम फक्त नावाची होती.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने उभा राहतो तो कुटुंबाच्या वाटणीत. जमीन, शेड, यंत्रे, येणी-देणी यांची यादी होते, शेवटी नाव उरते. मग कोणीतरी तोडगा सुचवतो, 'पुणे जिल्हा थोरल्याने घ्यावा, नगर-सोलापूर धाकट्याने, नाव दोघांनी वापरावे.' कागदावर हे न्याय्य दिसते. पण 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचे कलम 41 एकाच चिन्हाचे हक्क देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या मालकांना अशा रीतीने तोडून द्यायला सर्वसाधारणपणे मनाई करते. दुसरा तोडगा म्हणजे दोघांच्या नावावर संयुक्त नोंदणी. कलम 24 त्यालाही आवर घालते, कारण दोन स्वतंत्र धंदे चालवणाऱ्यांसाठी ती सोय नाही. संयुक्त मालकांनी चिन्ह दोघांच्या वतीने किंवा दोघांचा संबंध असलेल्या मालावरच वापरायचे असते. ग्राहकाला एका नावामागे एकच उगम दिसला पाहिजे, हे या दोन्ही कलमांमागचे तत्त्व आहे आणि ते योग्यच आहे.

टिकणारा मार्ग वेगळा. चिन्ह एकाच्या किंवा एका स्वतंत्र कंपनीच्या मालकीचे ठेवायचे आणि बाकीच्यांनी परवाना घेऊन रॉयल्टी द्यायची. किर्लोस्कर समूहाची चिन्हे किर्लोस्कर प्रोप्रायटरी लिमिटेड या वेगळ्या कंपनीच्या नावावर आहेत, ती याच धर्तीवर. किंवा मग एकाने नाव पूर्ण घ्यायचे आणि दुसऱ्याला त्याच्या हिश्श्याचे पैसे मोजायचे. दोन्ही मार्गांत आकडा लागतो. पहिल्यात रॉयल्टीचा दर आणि दुसऱ्यात एकरकमी किंमत.

आता हा आकडा काढतात कसा ते सांगतो, कारण 'उलाढालीच्या इतके पट' अशी ठोकताळ्याची भाषा बाजारात फार चालते आणि ती जवळपास नेहमीच चुकीची असते. व्यवहारात सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे वाचलेल्या रॉयल्टीची. हे नाव आपले नसते आणि दुसऱ्याकडून भाड्याने घ्यावे लागले असते, तर दरवर्षी किती द्यावे लागले असते? ते द्यावे लागत नाही, म्हणून तेवढी बचत ही नावाची कमाई.

दर ठरवायचा तर पाकिटापासून सुरुवात करावी. हळदीचे 200 ग्रॅमचे पाकीट घ्या. हे आकडे केवळ रीत समजण्यासाठी आहेत. त्याच प्रतीची सुटी हळद दुकानात 44 रुपयांना मिळते आणि आपले पाकीट 58 ला जाते. फरक 14 रुपये. हा सगळा फरक नावाचा असे समजणे ही पहिली चूक. त्यातले 3 रुपये पॅकिंगचे, 4 रुपये जाहिरात आणि स्कीमचे, 3 रुपये वितरक-दुकानदाराच्या जादा मार्जिनचे. उरले 4. कारखान्याचा विक्रीदर 45 रुपये असेल तर हे सुमारे 9 टक्के झाले. हे सगळेच्या सगळे परवाना घेणारा मालकाला देणार नाही, कारण माल काढण्याची आणि खपवण्याची जोखीम तो उचलतो. त्याने तिसरा हिस्सा दिला असे धरले तर दर 3 टक्के येतो. हा हिस्सा तिसराच का, असे विचारणाऱ्या मूल्यांककाचे ऐका. तोंडाला येईल तो दर लिहिणाऱ्याचे ऐकू नका. टाटा सन्स आपल्या नावासाठी समूहातल्या कंपन्यांकडून जी रक्कम घेते, तिचा गाजलेला दर उलाढालीच्या पाव टक्क्याचा आहे. सौंदर्यप्रसाधनांत तो कितीतरी पट जास्त असू शकतो. म्हणून परदेशी यादीतला सरासरी दर उचलून मिरजेच्या मसाल्याला चिकटवणे हा आळस आहे.

इथे एक गोष्ट आवर्जून तपासावी. पाकिटावर 'सांगलीची हळद' असे लिहून जादा भाव मिळत असेल, तर तो भाव भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे त्या भागाच्या मालाला मिळालेल्या सामायिक ओळखीचा आहे, तुमच्या ट्रेडमार्कचा नाही. भौगोलिक मानांकन विकता येत नाही, परवान्याने देता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. पैठणी, हापूस, कोल्हापुरी चप्पल यांच्या व्यापाऱ्यांनाही हेच लागू. तेवढा भाग वजा न करता काढलेली ब्रँडची किंमत खरेदीदाराचा वकील पहिल्याच बैठकीत खाली आणतो.

पुढचे गणित असे. या नावाखाली येत्या वर्षी 12 कोटींची विक्री होईल असे धरू. 3 टक्क्यांनी 36 लाख. भागीदारी फर्मचा कर अधिभार नसताना उपकरासह 31.2 टक्के; तो वजा जाता 24.77 लाख. पाच वर्षे 6 टक्क्यांनी वाढ, त्यानंतर कायमची 4 टक्के आणि आजच्या किमतीत आणण्यासाठी 18 टक्क्यांचा वटाव. पहिल्या पाच वर्षांचे मिळून सुमारे 85.7 लाख होतात आणि त्यापुढच्या काळाचे सुमारे 1 कोटी 1.5 लाख. एकूण 1 कोटी 87 लाख. आता वटावाचा दर 18 ऐवजी 22 करा, किंमत 1 कोटी 45 लाखांवर येते. वटाव तोच ठेवून रॉयल्टी 2 टक्के धरा, 1 कोटी 25 लाख. नाव तेच, विक्री तीच. म्हणून ज्या अहवालात एकच आकडा ठासून सांगितला आहे आणि गृहीतके बदलली तर काय होते याचा तक्ता नाही, तो अहवाल परत करावा. वटावासाठी बँकेच्या कर्जाचा व्याजदर वापरलेलाही अनेकदा दिसतो. ते चूक आहे, कारण यंत्र विकून काहीतरी हाती येते, नाव मात्र एका भेसळीच्या बातमीने संपू शकते. त्यामुळे नावाचा दर संपूर्ण धंद्याच्या दरापेक्षा वरच असायला हवा.

दुसरेही एक पाहावे. वरच्या उदाहरणात निम्म्याहून जास्त किंमत सहाव्या वर्षापासून पुढची आहे. नोंदणीची मुदत असते दहा वर्षांची, मग दरवेळी नूतनीकरण. नोंदणी माल-सेवांच्या ठरलेल्या वर्गांनुसार होते; ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी 9,000 रुपये लागतात. मुदत संपल्यावर सहा महिने जादा शुल्काने भरता येते, त्यानंतर वर्ष पूर्ण होईपर्यंत पुनर्स्थापनेचा अर्ज करता येतो आणि मग मार्ग खुंटतो. नऊ हजारांची तारीख चुकल्यामुळे कोटीच्या किमतीचा पाया डळमळतो. प्रत्यक्ष वापराच्या जोरावर हक्क सांगता येतो हे खरे, पण तो कोर्टात पुराव्याने सिद्ध करावा लागतो आणि खरेदीदार ती जोखीम किमतीतून कापून घेतो.

मूल्यांकनात सर्वाधिक घोळ आकड्यांत नसून मालकीत असतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. नोंदणी वडिलांच्या वैयक्तिक नावावर आणि धंदा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत, हा प्रकार सर्रास आढळतो. मधे ना हस्तांतरण लेख, ना परवाना. अशा वेळी 'कंपनीच्या ब्रँडची किंमत' काढणेच निरर्थक, कारण ब्रँड कंपनीचा नाही. वडील गेल्यावर तर सर्व वारसांचा हक्क त्यात येतो, धंद्याशी कधीच संबंध नसलेल्यांचाही. हस्तांतरण झाले असेल तर टीएम-पी या नमुन्यातल्या अर्जाने ट्रेडमार्कच्या रजिस्टरवर नोंदवून घ्यावे. नोंद न झालेला लेख मालकीचा पुरावा म्हणून कोर्टात सहसा चालत नाही. धंद्याच्या गुडविलशिवाय (कमावलेल्या लौकिकाशिवाय) नुसते चिन्ह हस्तांतरित केले असेल, तर सहा महिन्यांच्या आत रजिस्ट्रारकडून हस्तांतरणाच्या जाहिरातीबाबत निर्देश मागावे लागतात. फार तर आणखी तीन महिने मिळतात. ही पायरी चुकली तर हस्तांतरण अमलातच येत नाही. वाटणीपत्रात 'नाव अमुक यांस दिले' एवढीच ओळ असते, तिथे हे हमखास चुकते.

मग वर्ग. मसाले वर्ग 30 मध्ये, लोणची वर्ग 29 मध्ये, खानावळ वर्ग 43 मध्ये आणि दुकान चालवण्याची सेवा वर्ग 35 मध्ये. नोंदणी फक्त 30 मध्ये आणि निम्मी विक्री लोणच्याची असेल, तर सगळी उलाढाल धरून काढलेला आकडा फुगलेला आहे. नोंदणी 1990 च्या जुन्या लेबलची आणि बाजारात आज वेगळेच लेबल, हेही तितकेच नेहमीचे. चिन्ह सलग पाच वर्षे आणि त्यावर तीन महिने वापरात नसेल तर त्याची झळ बसणारी कोणीही व्यक्ती ते रजिस्टरवरून काढून टाकण्याचा अर्ज करू शकते. 'आजोबांच्या काळचे बंद पडलेले साबणाचे नाव' म्हणून ज्याची मोठी किंमत सांगितली जाते, ते या कारणाने बहुधा शून्याच्या जवळ असते.

मराठी धंद्यांत आडनाव हाच ब्रँड असण्याची परंपरा मोठी आहे आणि ती अभिमानाची आहे. मूल्यांकनात मात्र तिचा एक तोटा धरावाच लागतो. स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्याला कायदा संरक्षण देतो. त्यामुळे नाव विकत घेणाऱ्याला चुलतभावाच्या पाटीपासून पूर्ण सुटका मिळेलच असे नाही. विक्रीच्या करारात कुटुंबातल्या सर्व संबंधितांची 'आम्ही या व्यवसायात हे नाव वापरणार नाही' अशी लेखी हमी घेतली असेल, तर किंमत वर जाते. ती हमी आधी मिळवावी आणि मग मूल्यांकन करावे.

कर्जासाठी ट्रेडमार्क तारण ठेवता येतो. बँकांना तारणातून वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या मालमत्तेच्या व्याख्येत तो येतो आणि कंपनीने असा बोजा 30 दिवसांत कंपनी निबंधकाकडे नोंदवायचा असतो. पण इथे बँकांनी आणि कर्जदारांनी किंगफिशरचे प्रकरण विसरू नये. विमान कंपनीच्या चिन्हांचे मूल्यांकन 4,000 कोटींच्या पुढे झाले होते आणि ती चिन्हे तारणात होती. 2012 मध्ये विमाने जमिनीवर आली. एप्रिल 2016 मध्ये बँकांनी चिन्हे लिलावाला काढली, राखीव किंमत 366.70 कोटी रुपये, आणि एकही बोली आली नाही. मूळ आकडा चालत्या विमान कंपनीच्या भावी विक्रीवर उभा होता. विक्री थांबली की वाचलेली रॉयल्टी कशाची? शिवाय बिअरची चिन्हे वेगळ्या कंपनीची, म्हणजे विमानसेवेचे नाव घेणाऱ्याला त्या लोकप्रियतेवर हक्क सांगता येत नव्हता. कर्जासाठीच्या अहवालात चालत्या धंद्यातली किंमत आणि धंदा बंद पडल्यावर सुटी विकली तर येणारी किंमत, असे दोन आकडे असलेच पाहिजेत. दिवाळखोरी प्रक्रियेतसुद्धा दोन नोंदणीकृत मूल्यांककांकडून रास्त मूल्य आणि अवसायन मूल्य अशी दोन्ही काढून घेतात, ती याच कारणाने.

कराची बाजू थोडक्यात, पण ती व्यवहार फिरवते. विकत घेतलेल्या ट्रेडमार्कवर घटत्या शिलकीच्या पद्धतीने 25 टक्के घसारा मिळतो. गुडविलवरचा घसारा 2021 च्या वित्त कायद्याने बंद झाला. म्हणजे धंदा 5 कोटींना घेताना त्यातले किती ट्रेडमार्कचे आणि किती गुडविलचे, हा आता शब्दांचा खेळ राहिला नाही. खरेदीदार ट्रेडमार्ककडे जास्तीत जास्त रक्कम ढकलू पाहतो आणि आयकर अधिकारी त्याचा आधार मागतो. आधार म्हणजे व्यवहाराच्या तारखेचा अहवाल, दोन वर्षांनी नोटीस आल्यावर करून घेतलेला नव्हे. विकणाऱ्यासाठी, नाव स्वतः निर्माण केले असेल तर संपादन खर्च शून्य धरतात, म्हणजे जवळपास पूर्ण रक्कम भांडवली नफा ठरते. भागीदार निवृत्त होताना त्याला भांडवली खात्यापेक्षा जास्त रक्कम दिली, तर 2021 नंतर त्यावर फर्मलाही कर लागू शकतो आणि ब्रँडचे पुनर्मूल्यांकन करून आधी खाते फुगवण्याची युक्ती चालत नाही, कारण तशी वाढ हिशेबात धरत नाहीत. वाटणीची बोलणी सुरू करतानाच हा कर कोणी सोसायचा ते लिहून ठेवावे.

चिन्ह कुटुंबातल्याच कोणाच्या मालकीचे असून त्यासाठी कंपनी रॉयल्टी देत असेल तर तिचा दर बाजारभावाशी जुळतो हे दाखवावे लागते, नाहीतर जादा खर्च नाकारला जातो. सूचिबद्ध कंपन्यांत संबंधित व्यक्तीला दिलेली अशी रक्कम एकत्रित उलाढालीच्या 5 टक्क्यांपुढे गेली तर सेबीच्या नियमांनुसार भागधारकांची मंजुरी लागते. नक्कल करणाऱ्यावर व्यापारी न्यायालयात दावा लावतानाही वादी आपल्या हक्काचे बाजारमूल्य स्वतः सांगतो. तिथे अंदाजपंचे लिहिलेला आकडा पुढे नुकसानभरपाईच्या वेळी आपल्याच विरोधात वाचून दाखवला जातो.

मूल्यांकन कोणाकडून करून घ्यावे? कंपनी कायद्याखाली किंवा दिवाळखोरी प्रक्रियेत अहवाल लागणार असेल, तर दिवाळखोरी मंडळाकडे 'रोखे किंवा वित्तीय मालमत्ता' या वर्गात नोंदणी असलेला मूल्यांककच लागतो. जमीन-इमारतीच्या मूल्यांककाचा शिक्का इथे चालत नाही. घरगुती वाटणीला ही सक्ती नाही, तरी तोच घ्यावा. त्याच्यासमोर ठेवण्याची कागदपत्रे अशी: रजिस्टरचा ताजा उतारा, नूतनीकरणाच्या पावत्या, सर्व हस्तांतरण आणि परवाना लेख, चालू हरकती आणि दावे, पाच वर्षांची मालनिहाय विक्री, जाहिरात आणि स्कीमचा वेगळा काढलेला खर्च, आणि जिथे आपला माल जातो अशा दहा-पंधरा दुकानांतले आपले आणि सुट्या मालाचे भाव. यातली शेवटची यादी बहुतेकांकडे नसते, आणि रॉयल्टीचा दर तिच्यावरच टिकतो. अहवालावर मूल्यांकनाची तारीख आणि उद्देश ठळक हवा. वाटणीसाठी काढलेला आकडा बँकेत दाखवू नये आणि बँकेचा वाटणीत आणू नये. पाककृती, ग्राहकयादी आणि वितरणजाळे यांची किंमत स्वतंत्र काढली असेल, तर तीच कमाई नावातही पुन्हा मोजली गेली नाही ना, हे मूल्यांककाकडून लेखी मागावे.

ज्यांच्या घरात दोन भाऊ आज गुण्यागोविंदाने एकाच गल्ल्यावर बसतात, त्यांनी हे काम याच वर्षी करावे. आधी रजिस्टरवरची मालकी सरळ करावी, हरवलेले हस्तांतरण लेख नव्याने करून नोंदवावेत, वर्ग पुरे करावेत आणि मगच आकडा काढावा. भागीदारी करारात एक कलम घालून घ्यावे: भागीदार बाहेर पडल्यास नाव कोणाकडे राहील, किंमत कोणत्या पद्धतीने ठरेल, मूल्यांकक कोण नेमेल आणि रक्कम किती हप्त्यांत द्यायची. आकडा दर तीन वर्षांनी किंवा विक्रीत मोठा चढउतार झाल्यास नव्याने काढावा, पद्धत मात्र करारातली तीच ठेवावी.

आपला विश्वासू,
ट्रेडमार्क आणि मूल्यांकन क्षेत्रातील एक वाचक, पुणे